सव्वा आटा

चौतीस वर्षं मी नागपुरात पाणी सोडलं.
पहाटे चारला सायकल, खांद्यावर लोखंडी चावी,
टीच्या आकाराची, माझ्या छातीएवढी उंच.
हंसापुरीला साडेतीन आटे, तांडापेठेला पाच,
गोळीबार चौकाच्या खालच्या गल्लीला सव्वाच,
तिथली पाइप जुनी, जास्त जोर झेपायचा नाही.
फुटली की लोक डोमा परातेच्या मायचा उद्धार करायचे.

रिटायर झालो. चावी ऑफिसनं परत मागितली नाही,
मीही आठवण दिली नाही.
दाराआड उभी आहे,
बस म्हटलं तरी न बसणाऱ्या पाहुण्यासारखी.

मग माझंच पाणी अडलं.
रात्रीतून पाच वेळा उठायचं,
टाइल्सकडे बघत उभं राहायचं.
एक थेंब. मग विचार. मग अर्धा थेंब.
शेजारच्याची कूलरची टाकी घळघळ भरून राहिली
आणि मी तिच्यावर जळून राहिलो.

धंतोलीतली डॉक्टरीण टेंभुर्णे, माझ्या नातीच्या वयाची.
पॅडच्या मागे तिनं चित्र काढलं:
वर थैली, खाली नळी, नळीभोवती गाठ,
सुपारीएवढी असते, तुमची झाली आहे...
संत्र्याएवढी म्हणणार होती बहुतेक,
नागपूरचा माणूस बघून लिंबावर थांबली.
म्हणाली, काका, इथले स्नायू आवळून बसलेत.
ही गोळी त्यांना सैल करते.
रक्ताच्या नळ्यांनाही करते, म्हणून तुमचं प्रेशरही उतरेल,
एकशे सत्तर घेऊन फिरताय.

मी म्हटलं, म्हणजे मॅडम, व्हॉल्व एक, लाइनी दोन.
ती हसली नाही. पेन खाली ठेवलं,
पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.
हो, तसंच. म्हणून जपा.
रात्री झोपताना घ्या. उठताना घाई करू नका.
आणि मोतीबिंदू काढायची वेळ आली,
तर डोळ्याच्या डॉक्टरला आधी या गोळीचं नाव सांगा.
डोळ्याचा काय संबंध, ते विचारायचं राहूनच गेलं.

पहिल्याच रात्री, चारला,
अंग आपोआप उठलं, ड्युटीवर निघाल्यासारखं,
आणि खोली उतारावर लागली.
कॅलेंडर, पंखा, खुंटीवरचा शर्ट, सगळे एका बाजूला.
सगळा जोर टाचांत गेला,
डोक्याच्या टाकीत थेंब उरला नाही.
हाताला लागली ती दाराआडची चावी.
तिच्यासकट बसलो खाली.
फरशीवर ती अशी वाजली
की सगुणा उठली.

ओरडली नाही. अंधारातच म्हणाली,
काऊन जी, कोणत्या मोहल्ल्याला पाणी सोडून राहिले?

आता दोनदाच उठतो.
उठायच्या आधी पलंगाच्या काठावर बसायचं,
पाय खाली सोडून, तीस मोजायचे.
मोजते ती. मध्येच डुलकी लागते तिला,
चोवीसवरून पुन्हा वीसवर येते,
मी दुरुस्त करत नाही.
चौतीस वर्षं ती जागी व्हायच्या आत मी सायकलवर असायचो,
तिचा हा झोपेतला, जरा घोगरा आवाज
माझ्या ओळखीचा नव्हता.

परवा एकोणीसवर थांबली.
म्हणाली, तुम्हाला माहीत आहे का,
आपल्या गल्लीत पाणी कधी धड आलंच नाही.
करंगळीएवढी धार. मी नळाखाली वाटी लावायची,
वाटीनं गुंड भरायची, गुंडानं टाकं.
लोक म्हणायचे, व्हॉल्ववाल्याची बायको, हिला काय कमी.

बराच वेळ मी पायाकडे बघत बसलो.
मग म्हटलं,
पाइप जुनी होती, सगुणा.

वीस, ती म्हणाली.